वीतभर पातं

डेलमार हौगेननं मिनेसोटातल्या एका गवताळ धावपट्टीशेजारच्या गोठ्यात जन्मभर विमानांचे लाकडी पंखे, म्हणजे प्रोपेलर, कोरले. बर्चच्या फळ्या चिकटवायच्या, रंध्यानं उतरवायच्या आणि शेवटी फुटक्या काचेच्या धारेनं कड खरवडायची, ही त्याच्या बापाची रीत. बापानं ती दोघांनाच शिकवली, डेलमारला आणि धाकट्या नॉर्मनला.

त्याचं एक गिऱ्हाईक लाइल ट्रॉस्विग. त्याचं विमान म्हणजे नुसत्या तारा, दांड्या आणि दोन मजली पंख. गवताची गंजीच उडाल्यासारखं ते वाऱ्याशी झटत रांगायचं. डेलमारनं त्याला मुद्दाम लांब पंखा दिला. अशा संथ विमानाला लांब पातं सावकाश फिरलं तरच ओढ मिळते, हे परोपरीनं सांगितलं. पण लाइलचा जीव काट्यात! इंजिनाचा काटा लाल रेघेला भिडत नाही म्हणजे निम्मी ताकद फुकट, पातं कापून इंजिन जोरात फिरू दे, असा त्यानं धोशा लावला. डेलमारनं साफ नकार दिला.

जूनमध्ये धावपट्टीवर पॅनकेकच्या न्याहारीला सगळे वैमानिक जमले. लाइलनं विमान सोडलं, तर इंजिन किंचाळायला लागलं. डेलमारनं कान टवकारले. आवाज एवढा आणि ओढ काहीच नाही. चाकं जेमतेम सुटली, कुंपणाला अडकली आणि विमान पलीकडच्या मक्यात उलटलं.

लाइलचा हात मोडला. "डेलच्या पंख्यानं घात केला," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. नवे पंखे सांगायला आलेली माणसं डेलमारची नजर चुकवू लागली. नॉर्मन मान खाली घालून सिरपची बाटली पुसत होता.

डेलमार मक्यात गेला. एक पातं शाबूत होतं, पण वीतभर आखूड, टोकाला पुन्हा डेलमार देतो तसाच पिवळा रंग. मेल्यानं कापलंच शेवटी! संतापून त्यानं कापलेल्या टोकाच्या कडेवर अंगठा फिरवला आणि अंगठा तिथंच थबकला. कड काचेनं खरवडलेली होती. लाइलला तर साधी करवत सरळ धरता येत नव्हती.

तो परत आला.

"नॉर्मन, तू कापलंस?"

"लाइल म्हणाला, तू हट्टी आहेस. काटा चढला की तूच मान्य करशील."

"आणि मघाशी? सगळ्यांसमोर लाइलनं माझं नाव घेतलं तेव्हा गप्प का बसलास?"

नॉर्मननं बाटली खाली ठेवली. "दादा, तुझं नाव मोठं. तुला लोक माफ करतील. मला कोण करणार?"

डेलमारनं पंखे पुढंही कोरले, पण कड सँडपेपरनं घासली. काच पुन्हा हातात धरली नाही.