कोरड्या तळ्याची पूजा

मंडळी, आत्ताच पट्टीश्वरमहून कुंभकोणमला परतले. मन जड झालंय.

तिथल्या तळ्यावर आमच्या बिल्डरला प्लॉट पाडायचेत. ‘ही पाणथळ जागा नाही’ असा अहवाल पर्यावरण सल्लागार म्हणून मी द्यायचाय, म्हणून त्यानं मुद्दाम तळं कोरडं असतानाच पाहणी ठरवली.

पण आज आडीपेरुक्कु, पाण्याच्या पूजेचा सण. गावातल्या बायका घरून घागरी भरून आल्या. कोरड्या तळ्यात पाणी ओतून त्यांनी दिवा लावला.

मी विचारलं, “अम्मा, इथं पाणी कुठंय?”

“गावाला गेलंय,” एक म्हातारी म्हणाली. “घर त्याचंच आहे ना?”

माझ्या शेजारी उभ्या बिल्डरनं चपला काढल्या, हात जोडले. गाडीत बसल्यावर म्हणाला, “मॅडम, संध्याकाळपर्यंत सही करा.”

तिथं तळंच नाही, तर त्यानं हात जोडले कुणाला? सांगा, कशी करू सही?