आमच्याकडे कमी काही नाही

बाहीवालीचं डोकं दारातच फिरलं. बावीस वर्षं कारखान्यात शर्टांना बाह्या लावून लावून तिला हेच नाव पडलं होतं; नवराही कधीमधी चुकून तेच म्हणायचा. पण आज बाह्या गेल्या खड्ड्यात. खोलीत चक्क चार खुर्च्या होत्या! सकाळी ती कामावर निघाली तेव्हा एकच होती, तीही लंगडी. टेबलावर शेजारणीचा काचेचा वाडगा, त्यात रचलेली फळं, पलंगावर शेजारणीचीच चादर, आणि मधोमध ठेवणीतल्या कपड्यांत सासूबाई.

"आई, हे काय मांडलंय?" ती दातओठ खात पुटपुटली.

"पाहुणे यायचेत ना? घराची काही अब्रू आहे की नाही?"

कपाळावर हात मारून घ्यायचीही सोय नव्हती, कारण पाहुणे तिच्या पाठीमागेच उभे होते. एक शर्ट विकत घेणाऱ्या कंपनीची बाई, दुसरे कारखान्याचे हिशेबनीस. सहा महिने एकमेकांवर ढकलाढकली करून कंपनी आणि मालक अखेर एका गोष्टीवर राजी झाले होते: कंपनीने शर्टामागे जास्त भाव द्यायचा आणि मालकाने तो सगळाच्या सगळा पगारात घालायचा. किती, ते कामगारांची दहा घरं बघून ठरणार होतं. घर नीट चालायला काय लागतं, काय कमी पडतं, हे विचारून. त्या दहांतलं हे एक. चारशे जणींचा पगार यावर अवलंबून, म्हणून तिने सासूबाईंना आदल्या दिवशी दहादा बजावलं होतं, की खरं तेच सांगा.

"दूध किती घेता, आजी?" बाईने विचारलं.

"दोन लिटर. कधी अडीच."

अडीच! बाहीवालीने डोळे वटारले. सासूबाईंनी तिकडे बघितलंच नाही.

"फळं?"

"रोज. मुलं तर कंटाळलीत."

हिशेबनीस भराभर लिहीत होते.

"औषधपाणी कधी टाळावं लागतं?"

"छे हो! आमच्याकडे कमी काही नाही."

आता मात्र हद्द झाली. "थांबा! खोडा ते सगळं," बाहीवाली म्हणाली. "खुर्च्या शेजारच्या, चादर शेजारची, फळंसुद्धा शेजारची. दूध पाव लिटर, तेही चहापुरतं. आणि आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड, रोजच्या परवडत नाहीत म्हणून. लिहा!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "परक्यांसमोर लाज काढलीस माझी."

"तुमच्या थाटापायी चारशे बायकांच्या पोटावर पाय येईल, त्याचं काय?" हे जरा जास्तच झालं, तिलाही कळलं. पण बोलून गेली ती गेली.

बाईने पान उलटलं. पुढचा प्रश्न सुनेला होता. "घरात कुणाला उपाशी राहावं लागतं का?"

"नाही," बाहीवाली ताडकन म्हणाली. "दोन वेळचं सगळ्यांना पुरतं. तेवढं आहे आमच्याकडे."

"खोटं बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. "ही रात्री जेवत नाही. कामावरच खाऊन आले म्हणते. तिथे कोण वाढून ठेवतंय हिला? घरात भांडी मी घासते. वर्ष झालं, रात्री हिचं ताट घासलेलं नाही मी."

बाहीवालीला रडू आवरेना, आणि त्याचाही तिला रागच आला.