मापाचा दोरा

दाफिनाने उमेदीची सगळी वर्षं शिशाच्या खाणीवर क्रेन चालवण्यात घालवली होती. कोंबडीखालची अंडी काढावीत तशा हलक्या हाताने तिने मोठमोठे धोंडे उचलून ठेवले होते, पण क्रोशाची सुई हातात धरली की तिला घाम फुटे. खाण बंद पडली, क्रेन भंगारात गेली, आणि डोंगरातल्या त्या गावात पन्नाशीच्या बाईला करण्यासारखं उरलं काय, तर मिरच्या भाजून बरण्या भरणं आणि नवऱ्याशी भांडणं. नवरा कुंचो गवंड्यांचा मिस्त्री, आणि मुलखाचा अबोल. एकटीनेच भांडून भांडून दाफिना कंटाळली होती.

त्या वसंतात लेकीने, नेव्यानाने, तिला फोनवर एक चित्र दाखवलं. उन्हाळाभर समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला जायचं पोरीचं ठरलं होतं, आणि तिथे मिरवायला तिला तसाच टॉप हवा होता. बिनबाह्यांचा, क्रोशाने विणलेला, अंगाबरोबर बसणारा.

"विकत आण की," दाफिना म्हणाली.

"सगळ्यांच्या आया विणून देतात. पण असू दे. तुला नाही जमायचं."

एवढं पुरे होतं. संध्याकाळी लाल सुताचा गुंडा घेऊन दाफिना शेजारच्या मिंकाताईच्या दारात उभी राहिली. मिंकाताई सत्तरीची विधवा. गावातल्या निम्म्या बायकांना तिनेच क्रोशा शिकवला होता, आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा टोकदार होती.

"अगं, सुई आहे ती, पहार नव्हे! दोऱ्याचा गळा काय आवळतेस?"

दाफिनाची साखळी इतकी घट्ट पडे की पुढच्या ओळीला तिच्यात सुई शिरेना. हात थोडा सैल झाला, तर ओळीच्या शेवटचा खांब, म्हणजे उभा टाका, दर वेळी विणायचाच राहून जाई, आणि चौकोनाचा त्रिकोण होई. मिंकाताईने तो त्रिकोण उंच धरून बघितला.

"पोरीला टॉप विणतेयस की बकरीला लंगोट?"

उसवा आणि पुन्हा विणा. मोजपट्टीचे आकडेही काही कामाचे ठरेनात, कारण दाफिनाचा हात सकाळी एक बोले आणि संध्याकाळी दुसरं. शेवटी मिंकाताईने तिला जुनी युक्ती सांगितली. सुताचाच एक लांब तुकडा घ्यायचा, पोरीच्या अंगाला गुंडाळायचा, आणि छाती, छातीखाली, कंबर अशा तीन जागी गाठी मारायच्या. मग विणलेलं कापड त्या गाठींना लावून बघत जायचं.

"आणि काम झालं की तो दोरा उघड्यावर टाकू नकोस हं."

"का?"

"टाकू नकोस म्हटलं ना! सगळ्याचं कारण कशाला लागतं गं तुला?"

दाफिना मनात हसली. तिचा विश्वास क्रेनच्या ब्रेकवर आणि त्यातल्या तेलावर. गाठी मारलेला दोरा तिने टोपलीत टाकला आणि टोपली ओसरीतल्या बाकावर ठेवली. त्याच बाकावर कुंचोचे गवंडी संध्याकाळी राकिया, ती घरची कडक दारू, प्यायला बसत.

गवंड्यांचे दिवस तेव्हा वाईट चालले होते. गावाखाली जिथे रस्ता वळतो, तिथे दरड कोसळून जुनी भिंत गेली होती. कुंचोची माणसं दगडाची नवी भिंत उभारत होती आणि ती उभी राहत नव्हती. एकदा पोट फुगून ढासळली. दुसऱ्यांदा ढासळली तेव्हा म्हाताऱ्या गेंचोचा पाय थोडक्यात वाचला. इंजिनिअर म्हणाला, पायाखाली पाणी आहे. गेंचो पेल्यात बघत म्हणाला, "पाणी कसलं! तिला भूक लागलीय." कोणी हसलं नाही. एकाने तर दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचंच सोडलं.

त्यानंतर एका सकाळी दाफिनाने टोपली उघडली, तर दोरा नव्हता.

तिने बाकाखाली बघितलं, मांजरीला शिव्या घातल्या, आणि पोरीचं माप पुन्हा घेण्याआधी विचारून घ्यावं म्हणून गुंडा उचलून मिंकाताईकडे गेली. हरवल्याचं ऐकताच मिंकाताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने आधी दार लावून घेतलं.

"जुने गवंडी माणसाची सावली दोऱ्याने मोजायचे. नाहीतर असं कोणाचं अंगाचं माप चोरायचे. तो दोरा कोपऱ्याच्या दगडाखाली घातला की भिंत हलत नाही. पण ज्याचं माप, तो चाळीस दिवसांच्या आत जातो. माझ्या चुलत्याचं माप असंच घातलं, पुलात. पूल अजून आहे."

"काहीतरीच बोलता, ताई," दाफिना म्हणाली. पण घरी येताना तिची पावलं वळणाकडे वळली. भिंत कमरेच्या वर आली होती, सरळ, पोट न काढता. गावचा सरपंच खुशीत येऊन तिच्यावर थापा मारून बघत होता.

त्याच आठवड्यात नेव्यानाला ताप भरला.

डॉक्टर म्हणाला, घसा सुजला आहे, गोळ्या द्या. दाफिनाने गोळ्या दिल्या, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, आणि पोर डोळे मिटून पडली की तिच्या छातीकडे टक लावून बघत राही. वर जातेय, खाली येतेय. टॉप अर्धवट पडून होता. विणायला घेतला तर ज्याच्यासाठी विणायचा ते माणूसच राहणार नाही, अशी भीती तिला वाटू लागली. आपण असल्या गोष्टी मानत नाही, हे तिला आठवत होतं. भीतीला त्याचं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा ती तडक भिंतीवर गेली. सगळ्यांसमोर गेंचोची कॉलर धरली.

"माझ्या टोपलीतला दोरा कुठाय?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मीच उचलला. पण कोपऱ्याचा दगड मिस्त्री बसवतो. मी कुंचोच्या हातात दिला."

"कोणाचं माप आहे, ते तरी विचारायचंस, मेल्या!"

"मला वाटलं, तुझंच असेल." मग जरा थांबून, समजूत काढल्यासारखा तो म्हणाला, "तू दणकट आहेस, वहिनी."

कुंचो तेव्हा दगड आणायला डोंगरापलीकडच्या दगडखाणीवर गेला होता. संध्याकाळी तो घरी येऊन जेवायला बसला, तेव्हा दाफिनाने घेवड्याच्या रश्श्याचं भांडं आपल्याकडे ओढून घेतलं.

"पोरीचा दोरा भिंतीत घातलास?"

कुंचोने खिशात हात घातला आणि टेबलावर लाल दोरा ठेवला. तीन गाठी. दाफिनाने तो झडप घालून उचलला, गाठी सोडवल्या आणि दोरा चुलीत टाकला. मग तिला रडू आलं, हसूही आलं, आणि भांडं तिने त्याच्यापुढे सरकवलं. नवऱ्याला इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, ते म्हणाली, "गुणाचा आहेस रे तू."

तो खाऊ लागला. तिने अर्धा पाव कापला आणि सुरी तशीच धरून थांबली.

"मग भिंतीत काय आहे?"

"काहीतरी घालणं भाग होतं," कुंचो म्हणाला. "गड्यांचे हात थरथरत होते. थरथरत्या हातांनी दगड बसवले असते, तर उद्या कोणीतरी खाली चेंगरला असता. तुझ्या गुंड्यातून वावभर दोरा तोडून नेला मी."

"कोणाचं माप?"

"ऊन होतं. माझी सावली माझ्या पायाशीच होती."

दोन दिवसांत पोरीचा ताप उतरला. घसाच होता तो. दाफिनाने टॉप हाती घेतला आणि झपाट्याने विणला. कमरेला बारीक, छातीला नीट, एकही खांब न गाळता. मिंकाताईने उलटसुलट करून बघितला आणि तिला टोमणा सापडेना. पण दाफिनाचं लक्ष तिकडे नव्हतं. कुंचो बोलायला लागला होता. छपरातली गळकी जागा कुठे आहे, पाण्याची मुख्य तोटी कशी बंद करायची, हिवाळ्याची लाकडं कोणाकडून घ्यायची, असं काहीबाही तो तिला रोज एकेक समजावून सांगे, जणू चाळीस दिवसांत सगळं उरकायचं होतं. तो धडधाकट होता, पोटभर जेवत होता. हेच तिला सहन होईना.

नेव्यानाला जायचं होतं त्या दिवशी तिला चौकात बसमध्ये बसवून दाफिना आडवाटेने धावत वळणावर गेली. हातात पहार होती. कोपऱ्याचा दगड तिने बरोबर ओळखला. खाणीत आयुष्य गेलेल्या बाईला, कुठला दगड काढला की सगळं खाली येतं, हे शिकवावं लागत नाही. तिने पहारेचं टोक सांध्यात घुसवलं.

"खालून आता बस जाईल," मागून कुंचो म्हणाला. तो तिच्या मागोमाग आला होता.

"बस गेली की काढीन."

"संध्याकाळी परत येईल. उद्या शाळेची पोरं असतील."

"मी असलं काही मानत नाही, कुंचो! दोऱ्याने कोणी मरत नसतं!"

"मग पहार कशाला आणलीस?"

बस वळणावर आली. खिडकीतून नेव्यानाने अर्धं अंग बाहेर काढलं होतं आणि ती वेड्यासारखी दोन्ही हात हलवत होती. टॉप तिच्या अंगावर कातडीसारखा बसला होता. बस भिंतीला चिकटून, अगदी सावकाश गेली, आणि भिंत कणभरही हलली नाही.

कुंचोने पहार तिच्या हातातून काढून घेतली.

"चल," तो म्हणाला, "घरी जाऊ. विहिरीचा पंप अडला तर काय करायचं, ते तुला दाखवायचं राहिलंय."

"मला नाही शिकायचं," दाफिना म्हणाली, आणि भर रस्त्यात उभी राहून ती मोठमोठ्याने रडायला लागली.