लॉनचा ट्रॅक्टर आणि चंदरचा निळा रंग

आत्ताच रोह्याहून पेणला परतलोय. अंग मोडून आलंय, पण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाय.

तिथं एका फार्महाऊसवर लॉन कापायचा छोटा ट्रॅक्टर आहे, त्याची देखभाल माझ्याकडं. दसऱ्यापासून बंद. चावी फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेतं आणि गप्प. सकाळपासून मी बॅटरी बदलली, स्टार्टर उघडला, प्लग काढला. काय फरक नाय. शेवटी रखवालदार चंदरवर ओरडलो, "तूच कायतरी करून ठेवलंस!"

दुपारी वैतागून जंपर केबलनं बॅटरीची निगेटिव्ह थेट इंजिनला जोडली. एका झटक्यात चालू! मग चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट खोलला, जिथं बॅटरीची निगेटिव्ह वायर जोडलेली असते. खाली गुळगुळीत निळा रंग. करंट जाणार कुठून?

चंदर हमरापूरचा, गणपती रंगवून हात बसलेला. दसऱ्याच्या पूजेआधी त्यानं वायर सोडवून, गंज घासून तिथंही रंगाचे दोन हात मारले होते.

"दादा, तुम्हीच बोललेलात ना, एक जागा सोडू नको," तो हळूच म्हणाला.

व्हय, दसऱ्याआधी आलो तेव्हा ट्रॅक्टर रंगवायला सांगताना बोललो होतो. पॉलिश पेपरनं रंग खरवडायला बसलो, तर पेपर त्यानंच माझ्या हातातनं घेतला.

माफी मागायची राहिलीय. फोनवर मागू, की उद्या परत रोह्याला जाऊ?