हुमाला घेतलेला पदर

परवा नातीबरोबर मोटारीतून माळावरून जाताना रस्त्याकडेला एक पाटी दिसली. तिच्यावर माळढोक रंगवला होता. पांढरी उंच मान आणि डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी पिसं. मी म्हटलं, "अगं, हा तर हूम!"

"आजी, माळढोक म्हणतात त्याला."

म्हणत असतील. आमच्या सासरी हूमच म्हणायचे, कारण तो घुमायचाही तसाच.

मी नवी नवरी होते तेव्हा. सासूबाईंच्या मागून शेतावर भाकरी घेऊन निघाले, तर लांब गवतात मामंजी उभे! तोच पांढरा सदरा, तीच काळी टोपी, तोच ताठा. माहेरचं सगळं वळण पणाला लावून मी डोक्यावर पदर ओढला आणि मान खाली घालून उभी राहिले. मामंजी हलेनात, म्हणून मीही हलेना. एवढी मी शहाणी!

सासूबाई मागं वळल्या, त्यांनी पाहिलं आणि टोपली खाली ठेवून बांधावर बसून हसल्या. "अगं बये, हूम आहे तो! पाखरापुढं कसला पदर घेतेस?"

तेव्हापासून मामंजी दारात दिसले, की त्या हळूच म्हणायच्या, "सूनबाई, हूम आला." आणि आम्ही दोघी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसायचो.

आता माळावर हूम नाही, मामंजी नाहीत, सासूबाईही नाहीत. शब्द तेवढा माझ्याकडे उरलाय, पण तो एकटीनं म्हणून हसू येत नाही.

पाटी मागं पडायच्या आत मी मुकाट्यानं डोक्यावर पदर घेतला.

"कुणी ओळखीचं दिसलं का गं, आजी?"

"हो," मी म्हटलं, "सासरचं माणूस."