म्हस थांबंल काय?

काल रंगाऱ्याने टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि त्या उग्र वासाने मला थेट आमच्या गावी कुडपणला, सोनूकाकीच्या गोठ्यात नेऊन उभं केलं.

मी तेव्हा महाडला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते. चुलतभाऊ दत्ता मुंबईत गुरांच्या डॉक्टरकीला होता. दिवाळीच्या सुट्टीत दोघेही गावी आलो होतो. शेजारच्या काकीची म्हैस ओला चारा खाऊन फुगली होती. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, जीभ बाहेर.

"तू गुरांचा डाक्टर ना रे?" काकीने विचारलं.

"अजून शिकतोय," दत्ता पुटपुटला.

"मग तुजं शिकून होईपरत म्हस थांबंल काय?"

पोटातला वायू सुटावा म्हणून दत्ताने गोडं तेल मागवलं आणि काकीची गुडघ्यांना चोळायची टर्पेंटाइनची बाटली. मग हळूच मला म्हणाला, "किती घालू? तू केमिस्ट ना?"

मला टर्पेंटाइनचा उत्कलनबिंदू पाठ होता. किती, ते येत नव्हतं. मी नुसतीच तेलाची वाटी पुढे धरली. त्याने अंदाजाने ओतलं आणि बांबूच्या नळीतून घोट घोट पाजलं. कितीतरी वेळाने तिने लांबलचक ढेकर दिला. काकीने दत्ताच्या पाठीवर थाप मारली.

"डाक्टर हायस रे बाबा! आनि ही कोन झाली?"

दत्ता हसलाही नाही. "ही अजून शिकतेय."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पुढे महाडच्याच कारखान्यात केमिस्ट झाले, टेबलावर नावाची पाटी आली. पण बाटली तिरकी करण्याआधी दर वेळी मी दत्ताचं तेच वाक्य मनात म्हणत आले, 'ही अजून शिकतेय.'