शारदाचा फॉर्म

१९९६च्या जूनमध्ये मी नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले, तेव्हा उचगावच्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं एसटी स्टँडवर आली होती. गल्लीत आमचं एकच घर ख्रिस्ती. गाडी सुटताना पपा खिडकीशी येऊन म्हणाले, "नीट ऱ्हा. तू चुकलीस तर लोक तुला न्हाई, आपल्या येशूला नावं ठेवत्यात." शेजारच्या लिंगायत अक्काताईंनी एक पाकीट माझ्या हातात दिलं. त्यात त्यांच्या लेकीचा, शारदाचा, आमच्याच कॉलेजच्या उरलेल्या जागांसाठीचा फॉर्म होता. आठवड्याच्या आत द्यायचा होता. पोस्टावर त्यांचा भरवसा नव्हता. "तुमची माणसं शब्दाला पक्की हाईत," म्हणाल्या.

हॉस्टेलवर पहिल्यांदाच मला कुणी ओळखत नव्हतं. मी केस कापले, रविवारची उपासना बुडवून मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले. पाकीट ट्रंकेतच होतं. आपण विसरलो, असं मी पुढे स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. शारदा आली असती तर माझी बित्तंबातमी गल्लीत पोचली असती. मला ती तिथे नकोच होती. मुदत संपून तीन दिवस झाल्यावर फॉर्म ऑफिसच्या पेटीत टाकला आणि घरी लिहिलं, वेळेत दिला. पपांनी ते पत्र अक्काताईंना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं.

त्याच वर्षी शारदाचं लग्न झालं, चंदगडला. आता ती काजूच्या कारखान्यात जाते. चिकाने तिची बोटं काळी पडलीत. माझे हात ड्यूटीवर दिवसातून वीसदा साबणाने धुतले जातात. पेशंट म्हणतात, "सिस्टर, तुम्हा ख्रिश्चन लोकांच्या रक्तातच सेवा असते." मी सलाईन बघायचं निमित्त करून पुढच्या बेडकडे सरकते.

पपा वारले, त्या वर्षीच्या नाताळात मी करंज्यांचं ताट घेऊन अक्काताईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे करंजी मोडली.

"मला तवाच ठावं हुतं की. उशिरा आला म्हणून शिक्का मारून फारम माघारी आलता. चुलीत घातला. शारदीला म्हटलं, नंबर लागला न्हाई."

"मग पपांना का नाही सांगितलंत?"

"तुझा बाप गल्लीतनं ताठ मानेनं चालायचा, पोरी. ती मान मी खाली घालाय लावू व्हय?"

मला रडू आवरेना. आमच्या येशूचं नाव इतकी वर्षं कपाळाला इभूती लावणाऱ्या बाईने राखलं होतं, आणि त्याच नावावर मला वॉर्डात भाव मिळत होता. लाज वाटली, अजून वाटते.

शारदा, अक्काताई तुला सांगू नको म्हणाल्या तरी हे तुलाच लिहितेय. तुझा नंबर हुकला नव्हता, मी हुकवला. राग माझ्यावर काढ. पपांवर नको, त्यांच्या देवावर नको. उचगावच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. पण तुझं उत्तर येईपर्यंत त्याला माझं घर म्हणायची मला हिंमत होत नाही.